ठकू रंगारणीचं बोट

फार फार वर्षांपूर्वी, ओढ्यापलीकडचं रान अजून कुणी तोडलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. शेलवाडीचे साळी नवरात्रात देवीला पांढराशुभ्र शेला विणून वाहायचे. खाल्लेला रंग घामातून सुतात उतरतो, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून गावभर जेवण एकच, भात, ताक आणि सोललेला मुळा. लोणी पिवळं दिसतं म्हणून तेही देवीच्या दिव्यात जाळायचे, असं म्हणतात. आता याला काय म्हणावं!

दिवेलागणीला गावातल्या पोरांना दिसेनासं व्हायचं, ती भिंती चाचपत चालायची. ही देवीचीच लीला, असं मोठी माणसं सांगायची. येसाजी साळी तर सगळ्यांत कडक. त्याचा थोरला शंभू एका तिन्हीसांजेला चालता चालता विहिरीत गेला, तरी त्याचा नेम ढळला नाही. देवीने नेला म्हणाला आणि मागावर बसला.

मग धाकटी मंजुळाही संध्याकाळी उंबरा चाचपायला लागली. येसाजीची बायको कासाई हबकली. सूत धुवायच्या निमित्ताने ती रोज दुपारी लेकीला ओढ्यापलीकडे नेऊ लागली. तिथे ठकू रंगारीण राहायची. रंगात बुडालेले तिचे हात बघून गाव तिच्या वाऱ्यालाही उभं राहत नसे. ठकू पोरीला लाल भोपळा, लाल माठ, शेवग्याचा पाला तेलाच्या फोडणीत घालून भरवायची.

"मी कापडाला देते तो रंग उन्हात विटतो बाई," ती कासाईला म्हणाली. "पोटात जातो तो डोळ्यांत दिवा लावतो."

नवरात्र तोंडावर आलं. अंधारून आलं होतं आणि येसाजीच्या मागावर धागा तुटला. त्याला तो दिसेना. मंजुळा उठली, सरळ चालत आली आणि तुटलेली टोकं उचलून तिने गाठ मारली. येसाजी बघतच राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं. कासाईने काही लपवलं नाही.

तो धावला तो विणून ठेवलेल्या देवीच्या शेल्याकडे. तीन महिने मंजुळा तो विणायला बसली होती, तिचा घाम त्यात मुरला होता. त्याने वीत न् वीत उलटून पाहिली. कुठे ठिपकासुद्धा नव्हता.

खाल्लेला रंग सुतात उतरतच नव्हता.

"म्हणजे माझा शंभू..." एवढंच तो बोलला.

घटस्थापनेला सगळ्या गावासमोर त्याने माठाच्या भाजीत बोट बुडवलं आणि शेल्याच्या काठावर उमटवलं. बायका किंचाळल्या, पुजाऱ्याच्या हातून तबक पडलं. देवी मात्र कोपली नाही. तो डाग बारा पाण्यांनी धुतला तरी गेला नाही, पोरांच्या ताटात भोपळा आणि माठ आला आणि महिन्याभरात गावातली पोरं तिन्हीसांजेला पळू लागली, असं म्हणतात. गाव लाजत लाजत ठकूला आणायला गेलं, तेव्हा झोपडी रिकामी होती. परसात भोपळ्याचे वेल तेवढे पसरले होते.

आजही शेलवाडीत घटस्थापनेला पांढऱ्या शेल्याच्या काठावर एक लाल बोट उमटवतात. रंगारणीच्या आठवणीसाठी त्याला ठकूचं बोट म्हणतात. त्या दिवशी घरोघरी भोपळा आणि माठ शिजतो. पहिला घास मात्र कुणी खात नाही. दिवेलागणीला तो विहिरीच्या काठावर ठेवतात, शंभूसाठी.