बिनकडीचं दार

“मग त्या सह्या का करत नाहीत, आक्का?”

बाळाक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“जेवलीस?”

“नाही. पहाटेच्या गाडीनं निघाले कोल्हापुरातून. पण मी काय विचारतेय...”

“उपाशी हाईस. बरं झालं.”

यात बरं काय झालं, ते शलाकाला कळेना. ती जरा रागावूनच जोत्यावर टेकली.

शलाका तेली कामगार संघटनेचं काम करायची. वकिलीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, बोलायला उभी राहिली की समोरचा गप्प. आणि या बाळाक्का म्हणजे तिच्या गुरूच. तरुणपणी विड्या वळता वळता त्यांनी चारशे बायकांची संघटना उभी केली होती. आता वय झालं, डोळे मंदावले, उरले ते उपास-तापास आणि ओसरीवर येणारी माणसं. शलाकानं कामाची बाराखडी इथंच गिरवलेली.

आज मात्र ती हरून आली होती, आणि हरलेय हे कबूल करायला तयार नव्हती.

आजऱ्याच्या बाजूला, बाळाक्कांच्याच गावात, काजूची फॅक्टरी आहे. काजूगराची तांबूस साल काढायला तिथं बत्तीस मुली बसतात. बहुतेक अठरा-वीस वर्षांच्या, नुकत्या बारावी झालेल्या नाहीतर मधेच शाळा सुटलेल्या. चार महिने शलाका दर सोमवारी गेटावर जाऊन त्यांच्यापुढं बोलत होती. कायदा सांगत होती, हक्क सांगत होती. मुली ऐकायच्या, हसायच्या, आत जायच्या. पिशवीतले फॉर्म कोरेच.

त्यातच शुक्रवारी सुपरवायझरनं एका मुलीला सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस. काम हळू आहे तुझं. मुलीचं नाव कस्तुरी. घरात तिच्या कामावरच चूल पेटत होती. मुलींच्या सह्या असत्या तर संघटना तिच्यासाठी मालकासमोर जाऊन बसली असती. हातात एक दिवस उरला होता.

“एकीच नाही हो त्यांच्यात,” शलाका म्हणाली. “प्रत्येकीचं डोकं आपापल्या मोबाइलात. तुमच्या वेळच्या बायका वेगळ्या होत्या.”

निवडलेल्या तांदळातले चार दाणे बाळाक्कांनी हळदीत घोळले.

तो श्रावणातला रविवार होता. बाळाक्कांच्या घरचा नेम असा, की कुणा उपाशी माणसाला कहाणी ऐकवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. ऐकणाऱ्यानं मुठीत अक्षता धरून बसायचं. मधे बोलायचं नाही, नुसतं ‘हं’ म्हणायचं. अक्षता सांडल्या तर कहाणी पुन्हा पहिल्यापासून.

“धर,” त्या म्हणाल्या आणि दाणे शलाकाच्या तळहातावर ठेवले.

मग त्यांनी गल्लीच्या टोकाकडं तोंड करून हाक मारली. एक काटकुळी मुलगी ओले हात ओढणीला पुसत आली. तीच कस्तुरी. शलाकाला पाहून ती उंबऱ्यातच थबकली.

“आज कहाणी तू सांगायचीस,” बाळाक्का तिला म्हणाल्या.

“मला कुठली येतीया, आक्का?”

“सकाळी कामावर जातीस, तिथनं सुरू कर.”

कस्तुरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग तिला हसूच आलं.

“आटपाट फॅक्टरी होती,” ती म्हणाली.

“हं,” शलाका म्हणाली.

त्या फॅक्टरीत मुलींसाठी एकच संडास होता. मागच्या अंगाला, जिथं ट्रक लागायचे तिथं. त्याच्या दाराला कडी नव्हती. दोन वर्षांपूर्वी एकदा कुणीतरी बाहेरून दार ढकललं...

“पण हा तर सरळसरळ कायद्याचा...” शलाकाचा हात उठला. चारही दाणे खाली घरंगळले.

बाळाक्कांनी ते एकेक करून वेचले आणि परत तिच्या हातावर ठेवले. रागाचा शब्द नाही. कस्तुरीनं एकदा उपाशी म्हातारीकडं पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

दुसऱ्यांदा सांगताना सुपरवायझरचं नाव निघालं, तेव्हा दाणे परत सांडले.

“आता माझ्या पोटाचा तरी इचार कर, पोरी,” बाळाक्का म्हणाल्या.

तिसऱ्यांदा शलाकानं मूठ मांडीखाली दाबून धरली.

त्या दिवसापासून म्हणे, एकही मुलगी एकटी गेली नाही. एक आत गेली की रांगेत तिच्या शेजारी बसणारीनं उठायचं आणि दाराला पाठ लावून उभं राहायचं. त्याला मुली बारी म्हणायच्या. कुणी ठरवलं, कुणालाच आठवत नव्हतं. नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी शेजारीण तिच्या कानात सांगायची, तुझ्या दाराला मी, माझ्या दाराला तू. उभं राहणारीचं काम मागं पडायचं. मग बाकीच्या आपल्या ताटातला मूठमूठ सोललेला गर तिच्या ताटात टाकायच्या. दोन वर्षांत एकीचीही बारी चुकली नाही.

“हं...”

“गुरुवारी एका नव्या पोरीचं पोट बिघडलं. मी चारदा उभी राहिले. सुपरवायझरांनी बघितलं. म्हणाले, दारात उभं राहायचा पगार नाही मिळत.” कस्तुरी थांबली. “झाली कहाणी.”

शलाकाच्या मुठीला घाम आला होता. आता बोलू का, म्हणून तिनं बाळाक्कांकडं पाहिलं. त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

“मला का नाही सांगितलंस गं?”

“तुम्ही गेटावर विचारायच्या, तुमच्यात एकी का नाही म्हणून.” कस्तुरीचा आवाज अगदी साधा होता. “आम्हाला वाटायचं, ताईंची एकी काहीतरी मोठी असंल. आमच्याकडं नसंल तसली.”

...

शलाका उठली. अक्षता देवापुढं वाहायच्या असतात, तिला ठाऊक होतं. तिनं त्या कस्तुरीच्या केसांवर टाकल्या.

बाळाक्कांनी तिला अडवलं नाही. देव कुठं बसलाय हे त्यांना इतक्या वर्षांत पुरतं कळलं असावं.

तिघी खीर खायला बसल्या. खीर चांगली झाली होती, पण शलाकानं वाटी खाली ठेवली.

“उद्या फॉर्म वाटू?” तिनं हळूच विचारलं.

“नको.”

“मग जाऊन काय सांगू?”

“सांगू नको. त्या तुला त्यांच्यात घेत्यात का, इचार.”

“मी... त्यांच्यात?”

“व्हय. तुझी बारी कुठली, ते इचारून घे.”

सोमवारी वॉचमननं कस्तुरीला गेटावर अडवलं. शलाका आली, पण बोलली नाही. फॉर्मांची पिशवी घरीच होती. मुली भाषणाची वाट पाहत उभ्या राहिल्या. तिनं त्यांना विचारलं ते एवढंच, की आज कस्तुरीच्या दाराला कोण आहे, आणि तिच्यानंतर मी चालेन का.

मुली आधी एकमेकींकडं पाहून हसल्या. मग कस्तुरीची शेजारीण आत जायची ती वळली आणि गेटाला पाठ लावून उभी राहिली. तिच्यामागं दुसरी. तिच्यामागं तिसरी. शलाकाला जागा मिळाली ती अकरावी.

ताटं तशीच राहिली. मॅनेजर खाली आला, ओरडला, मग फोन लावत बसला. मुलींनी त्याला कडीचं सांगितलं, बारीचं सांगितलं. कायद्याची दोन वाक्यं लागली, ती त्यांनीच शलाकाकडून मागून घेतली. दुपारच्या सुट्टीच्या आत कस्तुरी आपल्या जागेवर जाऊन बसली होती.

पुढच्या रविवारी शलाका पुन्हा ओसरीवर आली. बत्तीस फॉर्म, बत्तीस सह्या. मुलींनी स्वतःच मागून घेतले होते. एका फॉर्मवर हळदीचा डाग होता, तो कस्तुरीचा. बाळाक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी गठ्ठ्यावरून नुसता हात फिरवला.

“आणि कडी बसली, आक्का,” शलाका म्हणाली. “चांगली पितळी. गुरुवारी बसवली. आता दाराशी कुणी उभं राहायला नको.”

बाळाक्कांनी हळदीतले चार दाणे उचलले आणि तिच्या तळहातावर ठेवले. तिची बोटं आपल्या हातानं मिटवली.

“कडी असू दे,” त्या म्हणाल्या. “बारी मोडू नका.”