रडायची बंदी

लढाई जिंकताच राजा प्रचंडसेनाने दवंडी पिटवली, "हा आनंदाचा काळ आहे. मेलेल्यांसाठी जो रडेल, तो हद्दपार होईल."

भागू कोष्टिणीचा एकुलता एक लेक त्याच लढाईत गेला होता. ती रडताना सापडली आणि तिला दरबारात बोलावणं आलं. शेजारच्या म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी तिला समजावलं, "राजाशी भांडू नकोस, बाई. त्याचंच म्हणणं मान्य कर आणि पुढे ने."

दरबारात राजा गरजला, "या राज्यात सगळं माझं आहे. तुझा मुलगाही माझाच होता!"

भागूने हात जोडले. "खरं आहे, महाराज. मुलगा तुमचा, तर त्याच्यासाठी रडणंही तुमचंच. तुम्ही रडा, मी गप्प बसते."

रडावं तर आपल्याच दवंडीप्रमाणे राजाला हद्दपार व्हावं लागलं असतं. मान खाली घालून त्याने हुकूम मागे घेतला.

त्या संध्याकाळी गावातल्या बावीस घरांतून रडण्याचे आवाज आले.