डब्याखालची शेंग

ही गोष्ट एका शेंगेची. शेंग छोटी, भांडण मोठं.

एक होती खार. एवढीशी. शेपटीला मोठा झुबका, म्हणून तिचं नाव झुबकी.

झुबकी राहायची बदामाच्या झाडावर. झाडाला लागून एक इमारत. इमारतीला एक खिडकी. खिडकीच्या आत शाल्मलीचं घर.

एकदा झुबकीला सापडली एक शेंग. भुईमुगाची. आत दोन दाणे. हलवली की वाजायची, खुळखुळ खुळखुळ.

ही तिची पहिली शेंग. आईने दिलेली नाही. कोणी टाकलेली नाही. झुबकीने स्वतः मातीतून उकरून काढलेली.

झुबकीने शेंग ठेवली शाल्मलीच्या टेबलावर, खिडकीपाशी. आणि गेली पाणी प्यायला.

परत आली. बघते तर काय, शेंगेवर एक डबा बसलाय. जाडा, गोल, गाणारा डबा. शेंगेवर बसला म्हणून थोडा तिरका बसलाय.

त्याचं झालं असं. शाल्मलीच्या बाबांनी दुकानातून दोन गाणारे डबे आणले. एक ठेवायचा, एक परत द्यायचा.

एकाचं नाव घरबश्या. त्याला लांब वायर. विचारलं की उत्तर देतो. पाऊस येणार का, सांगतो. किती वाजले, सांगतो. पण जागचा हलत नाही.

दुसऱ्याचं नाव भटक्या. त्याला वायर फक्त पोट भरण्यापुरती, एरवी नुसता पट्टा. पट्टा धरा आणि कुठेही न्या. पण त्याला गाण्याशिवाय काही येत नाही.

शेंगेवर बसला तो घरबश्या.

झुबकी म्हणाली, "घरबश्यादादा, घरबश्यादादा, जरा उठ. तुझ्याखाली माझी शेंग आहे."

घरबश्याच्या डोक्यावर निळा दिवा लागला. टिंग.

"माफ करा. मला कळलं नाही."

"अरे, शेंग. माझी. तू तिच्यावर बसलायस."

टिंग. "वायर सोडेल तेव्हा उठेन."

शेंग कोणाची? झुबकीची. वर बसलंय कोण? घरबश्या. उठतो का? नाही.

तुरुतुरु टुण्, तुरुतुरु टुण्, झुबकी गेली वायरकडे. वायर टेबलामागे लोळत होती.

"वायरताई, वायरताई, घरबश्याला सोड."

"का गं?"

"घरबश्या उठेना,
माझी शेंग मिळेना."

वायरने जांभई दिली. "मला कोणी ओढल्याशिवाय मी हलत नाही बाई. काका ओढतील तेव्हा सोडेन."

काका म्हणजे शाल्मलीचे बाबा. चहा पीत बसले होते.

तुरुतुरु टुण्, तुरुतुरु टुण्, झुबकी गेली काकांकडे.

"काका, काका, वायर ओढा."

"का गं?"

"वायर सोडेना,
घरबश्या उठेना,
माझी शेंग मिळेना."

काका म्हणाले, "तसं कसं? कोणता डबा ठेवायचा ते अजून ठरलं नाही. ठरल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. आमच्या ऑफिसात असंच असतं."

"काका, हे ऑफिस आहे का?"

"नाही. पण सवय आहे ना. काकू ठरवतील तेव्हा ओढेन."

काकू म्हणजे शाल्मलीची आई. स्वयंपाकघरात एका डब्यात खाऊ भरत होती, झाकण लावून, कोणाला दिसू न देता. आज भोंडला होता ना. भोंडल्याला मुली हत्तीभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. मग डबा हलवून ओळखायचं, आत खाऊ कोणता. त्या खाऊला म्हणायचं खिरापत.

तुरुतुरु टुण्, तुरुतुरु टुण्, झुबकी गेली काकूंकडे.

"काकू, काकू, एक डबा ठरवा."

"आधी डोळे मीट. खिरापत बघायची नाही. हं, का गं?"

झुबकीने डोळे मिटले.

"काका ओढेनात,
वायर सोडेना,
घरबश्या उठेना,
माझी शेंग मिळेना."

काकू म्हणाल्या, "काय ठरवू गं मी? घरबश्या हुशार. खालच्या दिगंबर आजोबांना पायाने चालता येत नाही, दिवसभर खुर्चीत असतात. तसं आपल्याकडे कोणी असतं, तर घरबश्याच ठेवला असता. भटक्या हलका. पण गाण्याशिवाय काही येत नाही त्याला. जाऊ दे. भोंडला शाल्मलीचा. शाल्मली सांगेल तेव्हा ठरवेन."

शाल्मली होती खाली, अंगणात. पाट मांडलेला. पाटावर हत्ती काढलेला, तांदळाचा. बाजूने मुली उभ्या. नवे फ्रॉक, नव्या बांगड्या. हातात हात. आणि सगळ्या गप्प. सगळ्यांचं तोंड वर, खिडकीकडे.

तुरुतुरु टुण्, तुरुतुरु टुण्, झुबकी गेली शाल्मलीकडे.

"शाल्मली, शाल्मली, काकूंना सांग."

"का गं?"

"काकू ठरवेनात,
काका ओढेनात,
वायर सोडेना,
घरबश्या उठेना,
माझी शेंग मिळेना."

शाल्मलीने गाल फुगवले. "मी नाही सांगणार. अजून गाणंच नाही लागलं."

शेजारची रेणू म्हणाली, "दरवर्षी आपण म्हणतो. यंदा डबा म्हणणार आहे. आधी डबा, मग आपण."

"कोणता डबा?" झुबकीने विचारलं.

"कोणता का असेना. पण घरबश्याचा आवाज खाली पोचत नाही, आणि भटक्या वाजत नाही ना."

शाल्मली म्हणाली, "हत्तीभोवती गाणं होईल तेव्हा सांगेन. जा, भटक्याला विचार, गातोस का."

तुरुतुरु टुण्, तुरुतुरु टुण्, झुबकी गेली पुन्हा वर. भटक्या सोफ्यावर आडवा पडला होता.

"भटक्यादादा, भटक्यादादा, गा ना."

"का गं?" भटक्याचा आवाज अगदी बारीक.

"शाल्मली सांगेना,
काकू ठरवेनात,
काका ओढेनात,
वायर सोडेना,
घरबश्या उठेना,
माझी शेंग मिळेना."

"गाईन गं. मला गाणंच तर येतं. पण पोटात काही नाही. बघ." भटक्याने तोंड उघडलं. टुं... टुं... आणि बंद. "बोर्ड भरवेल तेव्हा गाईन."

बोर्ड म्हणजे भिंतीवरचा विजेचा बोर्ड. त्या खोलीत बोर्ड एकच. त्याला तोंडही एकच.

तुरुतुरु टुण्, तुरुतुरु टुण्, झुबकी गेली बोर्डकडे.

"बोर्डभाऊ, बोर्डभाऊ, भटक्याला भरव."

"का गं?"

"भटक्या गाईना,
शाल्मली सांगेना,
काकू ठरवेनात,
काका ओढेनात,
वायर सोडेना,
घरबश्या उठेना,
माझी शेंग मिळेना."

बोर्ड म्हणाला, "भरवू कसा? माझ्या तोंडात घरबश्याची वायर. सकाळपासून तोच जेवतोय. घरबश्या उठेल तेव्हा भरवेन."

झुबकी बघतच राहिली.

घरबश्या उठेल तेव्हा?

तुरुतुरु टुण्, तुरुतुरु टुण्, झुबकी गेली परत घरबश्याकडे.

"घरबश्यादादा, आता तरी उठ.

बोर्ड भरवेना,
भटक्या गाईना,
शाल्मली सांगेना,
काकू ठरवेनात,
काका ओढेनात,
वायर सोडेना,
घरबश्या उठेना,
माझी शेंग मिळेना."

टिंग. निळा दिवा लागला.

"माफ करा. मला कळलं नाही."

"ए घरबश्या."

टिंग. "वायर सोडेल तेव्हा उठेन."

झुबकी खाली बसली. शेपटी खाली पडली. डोळ्यांत पाणी आलं. पोटात गुरगुर गुरगुर झालं. शेंग समोर होती. डब्याखालून तिचं टोक दिसत होतं. एवढंसं, पिवळं टोक. झुबकीने ते नखाने ओढून पाहिलं. नाही आलं.

हे काही बरोबर नाही. शेंग कोणाची? झुबकीची. रडतंय कोण? झुबकी. बाकीचे काय करतात? बसून आहेत.

मग झुबकीला राग आला. एवढीशी खार, पण राग एवढा मोठा.

"हा म्हणतो तेव्हा. ती म्हणते तेव्हा. सगळे म्हणतात तेव्हा, तेव्हा, तेव्हा. आत्ता कोण म्हणतंय? कोणीच नाही."

झुबकीने शेपटी वर केली.

"मग मी म्हणते. आत्ता."

तुरुतुरु टुण्, तुरुतुरु टुण्, झुबकी गेली खिडकीतून झाडावर, झाडावरून अंगणात, थेट पाटापाशी. मुली अजून गप्पच होत्या. झुबकी हत्तीभोवती पळायला लागली. एक गिरकी, दुसरी गिरकी. आणि मोठ्याने गायला लागली.

"चिक् चिक् चिक्,
खार छोटी, हत्ती मोठा,
डब्याखाली माझा वाटा.
डबा उचला, वाटा द्या,
मग हवं तर गाणं घ्या.
चिक् चिक् चिक्."

रेणू हसली, फिस्. "अगं, ही बघा. हिने सुरूसुद्धा केलं."

"मग आपण का उभ्या आहोत?" शाल्मली म्हणाली.

रेणूने टाळी दिली. शाल्मलीने टाळी दिली. सगळ्यांचे पाय हलले. फेर फिरला, गरगर गरगर. बांगड्या वाजल्या, किणकिण किणकिण. आणि सगळ्या मुली गायल्या, एकदम, घसा ताणून.

"खार छोटी, हत्ती मोठा,
डब्याखाली हिचा वाटा.
डबा उचला, वाटा द्या,
मग हवं तर गाणं घ्या."

हत्तीभोवती गाणं झालं.

गाणं झालं, तशी शाल्मलीने वर तोंड करून हाक मारली. "आई, सांगते गं. गाणं इथे आहे, अंगणात. जो डबा अंगणात येतो, तो ठेवू या."

शाल्मलीने सांगितलं, तसं काकूंनी ठरवलं. "ठरलं. भटक्या राहील."

काकूंनी ठरवलं, तसे काका उठले. चहाचा कप खाली ठेवला. बटण बंद केलं, टिक्. वायर ओढली, फट्.

काकांनी ओढली, तशी वायरने सोडलं.

वायरने सोडलं, तसा घरबश्या उठला. म्हणजे काकांनी त्याला दोन्ही हातांनी उचललं. त्याच्याखाली होती शेंग. थोडी चेपलेली, पण न फुटलेली. झुबकी झाडावरून वर आली आणि तिने ती पटकन उचलली.

घरबश्या उठला, तसं बोर्डचं तोंड मोकळं झालं. बोर्डने भटक्याला भरवलं, गटगट गटगट.

भटक्याचं पोट भरलं. शाल्मलीने त्याचा पट्टा धरला आणि त्याला खाली आणलं. भटक्याने आधी मुलींचं गाणं ऐकून घेतलं. मग त्यांच्या मागे मागे गायला.

आणि घरबश्या? तो दुकानात परत नाही गेला. काकांनी त्याला दिगंबर आजोबांच्या खुर्चीजवळ नेऊन ठेवलं. आजोबा म्हणाले, "काय रे, पाऊस येणार का आज?"

टिंग. "आज पाऊस येणार नाही."

"बरं झालं. मुलींचा भोंडला आहे. आता सांग, किती वाजले?"

टिंग. घरबश्याने सांगितलं. आजोबांनी आणखी विचारलं. घरबश्याने आणखी सांगितलं. दोघांनाही कुठे जायचं नव्हतं. दोघांचं छान जमलं.

खाली काकूंनी खिरापतीचा डबा आणला. हलवला. आवाजच नाही.

"करंज्या?"

"नाही."

"लाडू?"

"नाही."

"वाटली डाळ," रेणू म्हणाली.

बरोबर. वाटली डाळच होती. सगळ्यांच्या हातावर एक एक चमचा आली.

मग झुबकी पुढे आली. दोन्ही हातांत शेंग धरली. कानापाशी नेली आणि हलवली. खुळखुळ खुळखुळ.

"माझी खिरापत ओळखा."

"चणे?" रेणू म्हणाली.

"नाही."

"तुझी शेंग," शाल्मली म्हणाली.

"बरोबर."

कट्. झुबकीने शेंग फोडली. एक दाणा खाल्ला. कुटूकुटू कुटूकुटू. दुसरा दाणा खाल्ला. कुटूकुटू कुटूकुटू.

रेणूने हात पुढे केला. "आणि आम्हाला?"

झुबकीने मिशा पुसल्या.

"तुम्हाला वाटली डाळ मिळाली ना. ही माझी होती."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हो गं," रेणू म्हणाली. "तुझीच होती."

आणि तुरुतुरु टुण्, तुरुतुरु टुण्, पोट भरलेली झुबकी गेली आपल्या झाडावर.