यंत्र झालेली बकुळा

एकदा एका पाठशाळेत एक नियम होता: दक्षिणा दिल्याशिवाय विद्या नाही. त्याला चिकटून दुसरा, कुठेही न लिहिलेला: पहिल्याला ‘का’ म्हणून विचारायचं नाही.

नदीच्या वळणावर, चिंचांच्या दाट सावलीत ती पाठशाळा होती. सकाळचं धुकं अंगणात शिरे ते दुपारपर्यंत तिथेच रेंगाळे. बोललेले शब्द जणू पाण्याखालून ऐकू येत. तिथले वृद्ध गुरुजी यंत्रांशी बोलायची भाषा शिकवत. बाहेरचं जग तिला कोडिंग म्हणे. त्यांच्या हाताखाली तयार झालेली एक शिष्या लहान मुलांचा वर्ग घेई. बुद्धीने तल्लख, जिभेने तिखट.

तिला कळलं, की दूरदूरच्या अनोळखी माणसांनी मुलांसाठी कोडिंगचे धडे लिहून इंटरनेटवर मोकळे सोडलेत. कुणीही घ्यावेत, आपल्या भाषेत आणावेत, पुढे द्यावेत. तिने ते मराठीत आणले आणि गावातल्या बायांच्या मोबाइलवर घालून दिले, म्हणजे पोरांना घरीही करता येतील. ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्यांच्यासाठी तिने अंगणात खडूने चौकटी आखल्या. एकाने यंत्र व्हायचं, बाकीच्यांनी सूचना द्यायच्या. यंत्राने सांगितलं तेवढंच करायचं, मनाचं काही नाही. धुक्यात पोरं झोपेत चालल्यासारखी पावलं टाकत. कुंभारांची बकुळा तर इतकं पक्कं यंत्र होई, की कुणी ‘थांब’ म्हणायला विसरलं तर चिंचेच्या बुंध्याला नाक लावून जागच्या जागी पाय हलवत राही.

अंगण पोरांनी भरून गेलं. दक्षिणा कुणीच दिली नव्हती.

मग एका सकाळी पोरं आली, तर अंगणाचं दार बंद. गुरुजींनी स्वतःच्या हातांनी अडसर लावला होता. आत त्यांच्याशेजारी दोन विश्वस्त बसले होते आणि शहरात कोडिंगचे महागडे वर्ग चालवणारा एक व्यापारी.

“गुरुजी, हे काय?” आतल्या खोलीतून येत शिष्या म्हणाली. “पोरं बाहेर ताटकळलीत.”

“ताटकळू देत,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “बाळ, बंद दारापाशी उभं राहिलं की आत काय आहे याची ओढ लागते. आयतं हाती आलेलं माणूस कुठेही टाकून देतो. हे दार मी मुलांवर रागावून लावलेलं नाही, विद्येचा मान राखायला लावलंय. उद्यापासून दक्षिणा देईल तोच आत.”

“अगदी माझ्या मनातलं बोललात,” व्यापारी म्हणाला. “फुकटात पोरं बिघडतात हो.”

“पोरं बिघडतात, की तुमचा धंदा, शेठ?”

“अगं, मोठ्यांपुढे कशी बोलतेस!” एक विश्वस्त खेकसले. “नियम आहे तो. विचारायचं नाही म्हणजे नाही.”

“नाही विचारत. चालवून बघते. नियम म्हणजे सूचनाच ना? आणि सूचना चालवून पाहिल्याशिवाय तिच्यातली चूक कळत नाही, हे गुरुजींनीच शिकवलंय मला.”

गुरुजींनी दाराकडे हात केला. तिने अडसर काढला, पोरांना आत घेतलं आणि बकुळाला म्हणाली, “तू यंत्र. इथे जो जो शिकला त्याला विचारायचं, दक्षिणा दिली का. नाही म्हणाला, की हात धरून दाराबाहेर.”

बकुळाची नजर स्थिर झाली. धुक्यातून ती सावकाश फिरू लागली. एकेक पोर ‘नाही’ म्हणे आणि बाहेर जाई. तिचा सख्खा भाऊही गेला, रडत.

“ताई, तुम्ही?”

“दिली. आईच्या पाटल्या मोडून,” शिष्या म्हणाली.

अंगण रिकामं झालं. “बघ, कसा चोख चालला नियम!” विश्वस्त हसले. पण यंत्राला अजून कुणी थांब म्हटलं नव्हतं. बकुळा गुरुजींपुढे जाऊन उभी राहिली.

“आजोबा, तुम्ही दिली होती दक्षिणा?”

“ए पोरी, त्यांना काय विचारतेस!” व्यापारी पुढे सरसावला. गुरुजींनी त्याला हातानेच अडवलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडे होतं काय द्यायला? मी इथे शिकलो तेव्हाही नियम हाच होता. माझ्या गुरूंनी तो माझ्यासाठी मोडला. वर दोन वेळचं जेवायलाही घातलं.”

बकुळाने त्यांचा हात धरला. ते मुकाट्याने उठले, तिच्यामागून दाराबाहेर गेले आणि पोरांमध्ये उभे राहिले.

“पुरे झाला पोरखेळ!” दुसरे विश्वस्त ओरडले. “गुरुजींना आत घे आणि लाव ते दार.”

“गुरुजी येतील त्याच दाराने सगळी पोरंही येतील,” शिष्या म्हणाली. “दार मी लावणार नाही. आज नाही, उद्याही नाही.”

विश्वस्तांनी गुरुजींकडे पाहिलं. आता तेच हिला समज देतील म्हणून वाट पाहिली. गुरुजींनी शेजारी हुंदके देणाऱ्या बकुळाच्या भावाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पोरांना सोडून ते आत आले नाहीत.