डाव्या हाताचा बेल

धारखिंडीच्या महादेवामागे एक जुना बेल आहे. त्याच्याभोवती पुरुषभर उंच दगडी कोट, आणि उत्तरेला बैलगाडी जाईल एवढे खिंडार. कोट भूकंपात पडला, असे देवस्थानची पाटी सांगते. इथले म्हातारे हैबती गुरव येणाऱ्यांना खिंडाराशेजारची दगडांची रास दाखवतात. "भूकंप दगड असे रचून ठेवतो का?"

हा कोट इनामदारांनी बांधवला, असे सांगतात. बेल देवाचा, फळ तोडील त्याचा हात झडेल, अशी दवंडी पिटली. पिकून पडलेले फळ मात्र मागेल त्याला मिळे. याला इनामदार दानधर्म म्हणत. पण पिकल्या बेलाने ढाळ आणखी वाढतात. जुनी संग्रहणी आवरायला हिरवे फळच निखाऱ्यात भाजून, त्याचा गर गुळाबरोबर द्यावा लागतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते.

ज्याने कोट रचला, तो हणमा वडारच पुढे संग्रहणीने अंथरुणाला खिळला. त्याची बायको तिम्मव्वा इनामदारांच्या दारी गेली. त्यांनी पिकले फळ तिच्या पदरात टाकले.

"हे खाल्लं तर तो आजच जाईल, मालक. हिरवं द्या."

"हिरवं देवाचं आहे."

"देवाला हिरवं फळ वाहिलंय कधी?"

इनामदार म्हणाले, "हात झडेल, तिम्मव्वा."

शिवरात्रीच्या यात्रेत, भर दुपारी, ती पदर खोचून कोटावर चढली म्हणे. सगळ्यांदेखत तिने डावा हात पुढे केला. "झडला तर हा झडू दे. उजवा भाकरी थापायला लागतो." आणि फळ पिरगाळून तोडले. सारी यात्रा तिच्या हाताकडे बघत राहिली. हात झडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धारखिंडीचा चमत्कार तो एवढाच: काहीही घडले नाही.

त्या गरावर आणि ताकावर हणमा हळूहळू उठला. पहार पेलू लागल्यावर त्याने आपणच रचलेला कोट उत्तरेकडून उतरवला. कुणी आडवे आले नाही. इनामदारांचेही पोट काही लोखंडाचे नव्हते.

आजही इथे हिरवा बेल कुणाला न विचारता, डाव्या हाताने तोडतात. यंदा देवस्थानने खिंडाराला जाळीचे फाटक लावून कुलूप घातले. शिवरात्रीला नवऱ्याच्या पोटासाठी एक बाई आली. तिने कुलूप पाहिले आणि हैबतींना म्हणाली, "गुरवबाबा, जरा वाकता का?"

ते वाकले. त्यांच्या पाठीवर पाय देऊन ती कोटावर चढली.