उतरवलेल्या तारा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती कोणत्या राजाच्या राज्यात घडली हे सांगणाऱ्यालाही आठवत नाही. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात घरटी एक तरी गाणारा होता. तिथली माणसं गुरांनासुद्धा सुरात हाका मारायची. भांडण बेसूर झालं, तर शेजारी नावं ठेवायचे.

या सगळ्यांचे तंबोरे एकच कारागीर बनवायचा. गाव त्याला तारोबा म्हणायचं. भोपळा निवडण्यापासून खुंट्या बसवण्यापर्यंत सगळं तो स्वतः करी, पण त्याची खरी ख्याती होती ती एका दोऱ्यासाठी. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेच्या खाली सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला तर तार घुमते, केसभर हलला तर तीच तार बद्द वाजते. या दोऱ्याला त्या गावात ‘जीव’ म्हणत. तंबोऱ्याला जीव घालावा तो तारोबानंच, असं सगळे मानायचे. त्यामुळे दुसऱ्या कुणी ते शिकून घ्यायची तसदीही घेतली नव्हती.

गावाची आणखी एक रीत होती. कुणी वारलं, की तेरा दिवस सगळे जण आपापल्या तंबोऱ्याचा जीव काढून ठेवत आणि तारा उतरवत. तिथे ‘अमक्याच्या तारा उतरवल्या’ असं म्हटलं, की पुढे काही विचारायची गरज नसे.

एका भाद्रपदात तारोबाला ताप भरला. चार दिवसांनी डावा हात उचलेना आणि छातीत घरघर सुरू झाली. वैद्यबुवा आले, त्यांनी नाडी पाहिली आणि ते अंगणात गेले. तिथे सगळे गाणारे-वाजवणारे जमले होते. वैद्यबुवा त्यांना काय म्हणाले ते तारोबाला ऐकू आलं नाही. परत आत आलेल्या बायकोचा चेहरा मात्र त्याला दिसला.

त्या दिवसापासून सगळं गाव त्याच्या सेवेला लागलं. सेवेत कुणी कसूर केली असं शत्रूलाही म्हणता आलं नसतं. कुणी पेज आणायचं, कुणी सरपण फोडून द्यायचं. दोन पखवाजवादक सकाळ-संध्याकाळ येऊन त्याला अलगद कुशीवर वळवायचे. पण सगळे चवड्यांवर चालायचे आणि कुजबुजत बोलायचे.

तारोबा पडल्या पडल्या कान देऊन ऐकायचा. पहाटेचा रियाज ऐकू येत नव्हता, देवळातलं भजन ऐकू येत नव्हतं. पहिल्यांदा त्याला वाटलं, आपले कानच गेले. त्यानं भीत भीत उजव्या हाताच्या नखानं पाण्याच्या भांड्यावर टिचकी मारली. भांडं स्वच्छ वाजलं. मग तर तो जास्तच घाबरला.

“अगं, गावात कुणी गात का नाही?” त्यानं बायकोला विचारलं.

“गातात की. तुम्हाला डोळा लागतो तेव्हा गातात,” ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

पस्तीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, म्हणून तिला ते जमलंही नाही.

त्यानं पखवाजवादकांना विचारलं, “कुणाच्या तंबोऱ्याची काही तक्रार? इकडे घेऊन या. निदान बघतो तरी.”

“कसली तक्रार, तारोबा? सगळे उत्तम आहेत. तुम्ही फक्त पडून राहा.”

चाळीस तंबोरे, आणि पंधरा दिवसांत एकाचीही तक्रार नाही. हे कसं शक्य आहे, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? माझं आता काही काम उरलेलं नाही, हे यांना ठाऊक आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. दिवसाढवळ्या त्याला खोलीची भिंत जवळ सरकल्यासारखी वाटू लागली.

सोळाव्या दिवशी दाराबाहेर आक्का आल्या. आक्का म्हणजे गावातल्या सगळ्यात थोर गायिका, तारोबाहून दहा वर्षांनी मोठ्या. त्या त्याच्या बायकोला हळूच सांगत होत्या, “जीव काढून ठेवलाय, तारा उतरवल्यात. गावात सगळ्यांनीच उतरवल्या. तू काळजी करू नकोस.”

आतून तारोबानं ते ऐकलं. आपण अजून श्वास घेतोय आणि गावानं आपलं सुतक धरलंसुद्धा.

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. दुपारी पेज घेतली नाही, संध्याकाळी काढा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. वैद्यबुवांनी नाडीवर बोटं ठेवली आणि मान हलवली. “रोगाशी मी झगडेन. पण हा स्वतःच सोडून द्यायला निघालाय.”

बायकोनं त्याचे पाय धरले. “अहो, काय झालंय ते सांगा तरी.”

“तारा उतरवल्या ना माझ्या?” तो भिंतीकडे बघतच म्हणाला. “मग तेरावा कधी आहे तेही सांगून ठेव. तोवर कसंबसं आटोपतो.”

 ती तशीच अनवाणी आक्कांच्या घरी धावली.

आक्का तंबोरा घेऊन निघाल्या. वैद्यबुवा दारात आडवे उभे होते. “त्याच्या कानावर टाचणी पडल्याचाही आवाज जायला नको, असं मी सांगितलं होतं. उद्या बरंवाईट झालं तर कोण जबाबदार?”

“मी,” आक्का म्हणाल्या.  आपल्या हातून हा माणूस जाईल, ही भीती त्यांनाही होती, पण त्या आत शिरल्या.

त्या बिछान्याशी बसल्या. “तारोबा, वैद्यबुवांनी एकवीस दिवस शांतता सांगितली होती रे. वाऱ्यानंसुद्धा तार वाजू नये, म्हणून उतरवल्या. तुला कळणारच नाही, असं वाटलं आम्हाला.”

तारोबा वळला नाही. समजूत घालणारे शब्द त्यानं पंधरा दिवस ऐकले होते.

मग आक्कांनी तारा चढवल्या आणि जीव घालायला घेतला. आयुष्यात त्यांनी तो कधी घातला नव्हता. त्यांनी तार छेडली, ती पत्र्यासारखी वाजली. दोरा सरकवून पुन्हा छेडली, ती आणखी बिघडली. वैद्यबुवांनी डोळे मिटून घेतले.

“अलीकडे घ्या,” भिंतीकडून आवाज आला.

आक्कांनी दोरा सरकवून तार छेडली.

“अलीकडे म्हटलं, आक्का. पलीकडे नाही.”

“मला नाही जमत रे. तूच बघ.”

तारोबा रागानं कुशीवर वळला. सतरा दिवसांत पहिल्यांदा तो कुणाच्या मदतीशिवाय वळला होता. एका हातानं दोरा काही चिमटीत येईना. मग तो सांगत गेला आणि आक्का सरकवत गेल्या, आणि चौथ्या खेपेला तार घुमली. आक्का रडू लागल्या. तारोबानं पेज मागितली.

दुसऱ्या दिवशी अंगणात चाळीस तंबोऱ्यांची रांग लागली. त्यांतले काही तर मुद्दाम बिघडवून आणले होते. तारोबाला ते लगेच कळलं, आणि त्यानं एकेकाला यथेच्छ झापलं.

ताप पुन्हा दोनदा उलटला, आणि दोन्ही वेळा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण तारोबा वाचला. डावा हात मात्र कायमचा लुळा राहिला, आणि गावातल्या प्रत्येकाला जीव घालायला शिकावं लागलं. नंतर तो म्हणायचा, “मरणाला मी भ्यालो, ते ठीक. पण त्याच्या आधीच तुमच्या लेखी संपलो की काय, याला जास्त भ्यालो.”

पुढे काही वर्षांनी वैद्यबुवा स्वतः अंथरुणाला खिळले. त्यांनी सगळ्यांना बजावलं, की मला पूर्ण विश्रांती हवी. त्याच दुपारी तारोबा लुळा हात सावरत त्यांच्या उशाशी जाऊन बसला आणि म्हणाला, “वैद्यबुवा, आठ दिवस झाले, खोकला जात नाही. जरा बघता का?” वैद्यबुवा त्याच्यावर खेकसले, आणि नाडी बघायला उठून बसले.

तात्पर्य : आजारी माणसाची सेवा जरूर करावी, पण त्याची गरज संपली असं त्याला कधी वाटू देऊ नये.