नैवेद्य दाखवला

इंद्राचं आसन बळकावायला निघालेला ज्वालेंद्र देवलोकातून हाकलला गेला आणि गावाजवळच्या डोंगरावर येऊन बसला. “मी अजून देवच आहे,” तो गरजला. “भिवरेच्या लेकीचा, शेवंताचा नैवेद्य आणा, नाहीतर गाव जाळीन!” पाटलाने लगेच हात जोडले, लेक त्याची थोडीच होती!

भिवरेने शेवंताला डोंगरावर नेऊन केळीच्या पानावर बसवलं, भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. ज्वालेंद्राच्या श्वासाने तिचा चेहरा भाजत होता. क्षणभराने तिने लेकीला उठवलं आणि ती वळली.

“थांब गं! कुठे निघालीस?”

“घरी, देवा. नैवेद्य दाखवून झाला. आता प्रसाद घरी न्यायचा.”

“अगं, मी अजून खाल्लंच नाही!”

“देवाला नैवेद्य दाखवायचा असतो.” भिवरेने लेकीला पाठीशी घेतलं. “देव नुसता बघतो. पान चाटूनपुसून खातो, तो राक्षस. तुम्ही कोण, ते तुम्हीच सांगा.”

ज्वालेंद्राचा उघडा जबडा सावकाश मिटला. देवपण सोडवेना, म्हणून बिचारा उपाशी राहिला. भिवरेने मात्र डोंगर उतरेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.